ओट्यावर सॉकेट किती, त्यामागे सर्किटं किती: मुंबईच्या स्वयंपाकघराचं वायरिंग आखताना

टाइल्स निवडून होतात, ओट्याचा ग्रॅनाइट कापायला जातो, आणि मग मला फोन येतो: "ताई, किचनमध्ये पॉइंट किती काढू?" हा फोन महिनाभर आधी यायला हवा. आणि प्रश्नही वेगळा हवा. पॉइंट हवे तेवढे काढा हो, पण त्यांच्यामागे सर्किटं, म्हणजे आपापल्या एमसीबीवरून निघणाऱ्या स्वतंत्र वायरी, किती आहेत ते विचारा. (एमसीबी म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच.)

विलेपार्ल्यातल्या एका घरात ओट्याच्या वर आठ सॉकेटं होती. सगळी सोळा अँपियरची, सगळी देखणी. डीबी, म्हणजे सगळे एमसीबी जिथे असतात ती पेटी, उघडला तर आठही सॉकेटं अडीच चौरस मिलिमीटरच्या एकाच वायरवर, एकातून दुसऱ्यात लूप मारत गेलेली. इंडक्शनवर भात, शेजारी किटली, आणि तेवढ्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की एमसीबी पडायचा. त्यांच्या आधीच्या वायरमनने यावर तोडगा काढला: सोळाचा एमसीबी काढून बत्तीसचा बसवला. एमसीबी पडायचा थांबला, घरचे खूश. सहा महिन्यांनी एका सॉकेटची प्लेट पिवळी पडली. मी ती उघडली तेव्हा आतल्या वायरचं आवरण करपून पापडासारखं कडक झालं होतं.

एमसीबी मिक्सरला किंवा फ्रिजला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. आणि तो आकड्याला चिकटूनही पडत नाही. सोळाच्या एमसीबीतून साधारण अठरा अँपियर तासभर गेले तरी तो हलणार नाही. तेवीस अँपियर गेले तर तासाभराच्या आत पडेल, एवढीच त्याची हमी. बत्तीसच्या एमसीबीचा हाच हिशेब सेहेचाळीस अँपियरवर जातो. अडीचच्या वायरमधून तासभर सेहेचाळीस अँपियर म्हणजे भिंतीत हीटर बसवल्यासारखंच. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते; प्रवाह दुप्पट झाला की ताप चौपट.

आधी यादी, मग भिंत

टेप घेऊन भिंतीपाशी उभं राहण्याआधी कागद घ्या. स्वयंपाकघरात आज काय काय आहे आणि पुढच्या पाच वर्षांत काय येईल ते लिहा. प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाला पट्टी असते, तिच्यावरचे वॉट उतरवून घ्या. वस्तू अजून घेतली नसेल तर या अंदाजाने चाला: मिक्सर ५०० ते ७५०, फ्रिज चालू असताना २०० च्या आसपास, किटली १५००, एक शेगडीचं इंडक्शन २०००, साधा मायक्रोवेव्ह १२००, कन्व्हेक्शनचा २००० किंवा जास्त, ओटीजी १५०० ते २०००, एअर फ्रायर १५००, डिशवॉशर २०००, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन २०००, सिंकवरचा छोटा इन्स्टंट गीझर ३०००. चिमणी आणि पाण्याचा फिल्टर दोन्ही मिळून ३०० च्या आत. घरघंटी असेल तर तिची मोटर बहुधा एक हॉर्सपॉवरची, म्हणजे ७५० वॉट.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत एक फसगत होते. खोक्यावर मोठ्या अक्षरात ८०० वॉट लिहिलेलं असतं, ते अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचं. भिंतीतून तो खेचतो तो आकडा मागच्या पट्टीवर असतो आणि बराच मोठा असतो.

वॉटला २३० ने भागलं की अँपियर मिळतात. २००० वॉट म्हणजे पावणेनऊ, ३००० म्हणजे तेरा. दोन हजारांच्या दोन वस्तू सोळाच्या एका सर्किटवर एकत्र चालवल्या की साडेसतरा. हे एमसीबी काही वेळ सोसेल, रोज सोसावं लागेल, आणि वायर आणि सॉकेटच्या पत्त्या रोज तापतील.

एकाच वेळी काय काय चालतं

यादीची नुसती बेरीज केली तर घाबरायला होतं. फ्रिज २००, मिक्सर ७५०, किटली १५००, इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह २०००, गीझर ३०००, वॉशिंग मशीन २०००, चिमणी-फिल्टर ३००: एकूण ११,७५० वॉट, म्हणजे एकावन्न अँपियर. पण ही सगळी मंडळी एकदम कधीच कामाला लागत नाहीत. म्हणून घरात जो स्वयंपाक करतो त्याच्याशी बोला. घरमालकाशी नव्हे, इंटिरियरवाल्याशी तर नव्हेच.

मुंबईतल्या घराची खरी परीक्षा सकाळी सहा ते साडेसात. सातच्या लोकलसाठी डबे भरायचे असतात. इंडक्शनवर काहीतरी उकळतंय, मिक्सरमध्ये चटणी फिरतेय, चिमणी चालू, फ्रिज चालू, सिंकचा गीझर कुणीतरी लावून ठेवलाय: ६,२०० वॉट, सत्तावीस अँपियर. बेडरूममध्ये एसी अजून चालूच असेल तर तेहेतीस-चौतीस. या तासाला पुरेल असं वायरिंग बाकी दिवसाला पुरतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ओटीजीमध्ये नानकटाई आणि शेजारी घरघंटीवर भाजणी असा संसार असेल तर तोही तास मांडून बघा.

वायर आणि एमसीबीची जोडी

मी ज्या जोड्या वापरते त्या या. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला दहाचा एमसीबी: चिमणी, फिल्टर, दिवे. अडीचला सोळाचा: ओट्यावरची सॉकेटं, फ्रिज, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर. चारला वीसचा: गीझर, दोन शेगड्यांचं इंडक्शन, किंवा डीबी लांब असेल तर साधं इंडक्शनसुद्धा. अडीचच्या वायरला वीसचा एमसीबी चालतो असं सांगणारे भेटतील. मोकळ्या हवेतल्या वायरबद्दल त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण आपली वायर असते प्लॅस्टरच्या आत, इतर चार वायरींना खेटून, मे महिन्यातल्या पश्चिमेच्या भिंतीत. तिथे तिची ताकद कमी होते.

वायर आयएसआय शिक्क्याची, एफआरएलएस प्रकारची घ्या. ती जळाली तर धूर कमी निघतो. बंडल स्वतः विकत घ्या किंवा निदान शिक्का आणि आकडा डोळ्यांनी बघा. जुने वायरमन अजून तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस अशा भाषेत बोलतात. तीन-वीस म्हणजे सुमारे दोन चौरस मिलिमीटर, सात-वीस म्हणजे साडेचारच्या थोडं वर. "तीन-वीस टाकतो, अडीचच समजा" असं कुणी म्हणालं तर समजू नका.

एमसीबी बी आणि सी अशा दोन जातींत मिळतात. मोटर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह खेचते. बी त्याच्या आकड्याच्या तीन ते पाच पट प्रवाहाला झटकन पडतो, सी पाच ते दहा पटीला. फ्रिज, मिक्सर, घरघंटी जिथे लागणार तिथे सी.

सर्किटं पाडू या

आपल्याकडच्या वायरिंगच्या संहितेत, आयएस ७३२ मध्ये, जुना दंडक आहे की पॉवरच्या एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त सॉकेटं नकोत. स्वयंपाकघरात मी तो तंतोतंत पाळते. मुलुंडमधल्या एका दोन बेडरूमच्या घराचं उदाहरण घेते: एल आकाराचा ओटा, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन, डीबी दाराजवळ.

पहिलं सर्किट एकट्या फ्रिजचं. त्यावर दुसरं काहीही नाही, शेजारचा फिल्टरही नाही. गावाला गेलेलं असताना फिल्टरमध्ये पाणी झिरपलं, विजेची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी पडला आणि आठवड्याने घरी आल्यावर फ्रिज उघडला, हा अनुभव माझ्या घरचाच आहे. तेव्हापासून मी फ्रिजला स्वतंत्र आरसीबीओ देते, म्हणजे विजेची गळती आणि ओव्हरलोड दोन्ही बघणारं एकच यंत्र. फ्रिजचा स्विच हाताशी नको. पाहुणी आलेली आत्या वीज वाचवायला तो बंद करते.

दुसरं आणि तिसरं ओट्याच्या दोन बाजूंना. डाव्या बाजूला दोन सोळाची सॉकेटं, उजव्या बाजूला दोन, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या एमसीबीवर. मिक्सर आणि किटली एकीकडे, इंडक्शन दुसरीकडे. हे नुसतं डीबीत असून भागत नाही. इंडक्शनच्या सॉकेटजवळच किटलीला सोयीची जागा असेल तर किटली तिथेच लागणार. म्हणून वस्तू ओट्यावर कुठे राहणार ते आधी ठरवा. ओटा मोजा, बरण्या, मिसळणाचा डबा, पोळपाट यांची जागा सोडा, उरलेल्या जागेत मिक्सर आणि इंडक्शन बसतात का ते खडूने आखून बघा. बऱ्याच मुंबईकर ओट्यांवर बसत नाहीत. मग इंडक्शन मांडणीत जातं आणि सहा महिन्यांतून एकदा, सिलिंडर संपल्यावर निघतं. त्याला स्वतंत्र सर्किट कशाला?

चौथं मायक्रोवेव्ह किंवा ओटीजीचं, एकच सॉकेट. पाचवं गीझरचं, चारची वायर, वीसचा डबल पोल स्विच, म्हणजे वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल अशा दोन्ही वायरी तोडणारा. सहावं डिशवॉशरचं, आज तो नसला तरी पाइप आणि वायर ओढून बॉक्सवर कोरी प्लेट लावून ठेवा, नंतर टाइल फोडण्यापेक्षा फार स्वस्त. वॉशिंग मशीनचं सातवं, ते बाल्कनीचं. आठवं दीडच्या वायरचं: चिमणी, फिल्टर, मांडणीखालचा दिवा, गॅसच्या ऑटो इग्निशनचा पॉइंट, सगळी सहाची सॉकेटं.

आठ सर्किटं ऐकून लोक दचकतात. वन रूम किचनमध्ये गीझर, डिशवॉशर, ओटीजी नसेल तर तीनांवर भागतं: फ्रिज, ओटा, आणि बाकी किरकोळ. ओट्यावर तिथेही सोळाची दोनच सॉकेटं काढा.

मीटर ते डीबी

इथे बरेच बेत अडतात. घरात आठ सर्किटं केली आणि खालच्या मीटरपासून वर येणारी वायर चारचीच असेल, तर सगळं नळाच्या अरुंद तोटीतून गेल्यासारखं. वीजबिलावर मंजूर भार किलोवॉटमध्ये छापलेला असतो. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपकडे महावितरण: कुणाचंही बिल असो, तो आकडा आधी बघा. सकाळच्या तासाची बेरीज साडेसात किलोवॉट आणि मंजूर भार तीन, असं असेल तर भार वाढवण्याचा अर्ज आधी, टाइल्स नंतर. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही लागते. मीटर ते डीबीची वायर जिन्यातून येते म्हणून सोसायटीचीही परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळायला सभेची वाट बघावी लागू शकते.

गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या इमारतींत आणखी दोन गोष्टी बघा. एक, लाकडी पट्टीतल्या किंवा कापडी आवरणाच्या जुन्या वायरी अजून जिवंत आहेत का. असतील तर स्वयंपाकघराच्या नव्या वायरी त्यांना कुठेच जोडू नका, डीबीपासून नव्या ओढा. दोन, ॲल्युमिनियमची वायर. तिचा तांब्याशी केलेला जोड हळूहळू सैल होतो आणि तापतो.

जागा आणि उंची

ओट्याची उंची तेहेतीस-चौतीस इंच धरली तर सॉकेटं ओट्यापासून दहा-बारा इंच वर, म्हणजे जमिनीपासून चव्वेचाळीस-सेहेचाळीस. त्याहून खाली घेतली तर ओटा धुताना पाणी उडतं; वर घेतली तर मिक्सरची वायर लोंबते. टाइलच्या सांध्यांशी प्लेट जुळवून घ्यायला हरकत नाही, पण टाइलसाठी सॉकेट सिंककडे सरकवू नका. सिंकच्या काठापासून दोन फूट तरी मोकळे, जमलं तर तीन. ओटा लहान असेल तर सिंकच्या बाजूला सॉकेट नाहीच, हे पत्करा.

शेगडीच्या मागच्या भिंतीवर काही नको. तेल उडतं, वाफ जाते, आणि चालू बर्नरवरून हात नेऊन स्विच दाबावा लागतो. बर्नरच्या कडेपासून फूटभर तरी बाजूला. चिमणीचं सॉकेट तिच्या वरच्या नळीच्या आडोशाला, साधारण सात फुटांवर. आधी चिमणीचं मॉडेल ठरवा, कारण नळी भिंतीच्या कोणत्या बाजूने बाहेर जाते त्यावर सॉकेट डावीकडे की उजवीकडे ते ठरतं.

जे उपकरण ढकलून भिंतीला टेकवायचं त्याचं सॉकेट बरोबर त्याच्या पाठीमागे घेऊ नका. प्लगच्या जाडीमुळे डिशवॉशर किंवा ओव्हन दोन इंच पुढे राहतो आणि सुताराचं सगळं माप बिघडतं. सॉकेट शेजारच्या कपाटात, स्विच वर ओट्यापाशी. डिशवॉशरच्या पाण्याच्या नळाखाली मात्र कधीच नाही.

आता गॅस. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. महानगर गॅसच्या पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. म्हणून ज्या घरात सिलिंडर ओट्याखाली असतो तिथे त्या कपाटात आणि त्याच्या आसपास खालच्या बाजूला सॉकेट, स्विच, वायरचा जोड यांपैकी काहीही नको. प्रत्येक स्विच दाबताना आत छोटी ठिणगी पडते. घरात पाइप गॅस असला तरी मी हाच नियम ठेवते, कारण घर भाड्याने गेलं की सिलिंडर परत येऊ शकतो. पाइपपासून वायरिंग अंतर राखून न्या, आणि पाइप गॅसवाल्यांचा माणूस जागा बघून जाईपर्यंत त्या भिंतीवरचं काम थांबवा. वास आला तर कुठलाही स्विच चालू करायचा नाही आणि बंदही करायचा नाही. खिडकी उघडायची, गॅस बंद करायचा.

अर्थिंग, आरसीसीबी आणि जुलै महिना

ओले हात, स्टीलचं सिंक, ओली फरशी, अनवाणी पाय. घरात शॉक लागायला याहून सोयीची जागा बाथरूमच. एमसीबी इथे काही करत नाही. माणसाच्या अंगातून पन्नासेक मिलिअँपियर गेले तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला अँपियरच्या खालचं दिसतच नाही. म्हणून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच. त्याच्या उलट, आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. दोघंही लागतात. इंडक्शन, इन्व्हर्टर मोटरचं वॉशिंग मशीन अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणं असतील तर त्यांचीही गळती ओळखणारा ए प्रकारचा आरसीसीबी मागा. दुकानदार सहसा साधा एसी प्रकारचा हातात ठेवतो.

सगळ्या घराला एकच आरसीसीबी लावला की पावसाळ्यात तमाशा होतो. जुलैत भिंती ओल्या, बाल्कनीतलं सॉकेट दमट, थोडी इथून थोडी तिथून गळती साठत जाते आणि रात्री दोनला अख्खं घर अंधारात. म्हणून स्वयंपाकघर आणि बाल्कनीला एक, बाकी घराला दुसरा. आणि वायरमनला बजावून सांगा की एका आरसीसीबीच्या सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रल पट्टीवर जोडायचा नाही. असा उसना न्यूट्रल असला की आरसीसीबी कारण नसताना पडतो, मग कंटाळून कुणीतरी तो काढूनच टाकतो.

अर्थची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत गेली पाहिजे, आणि ती हिरवी वायर डीबीतून इमारतीच्या खऱ्या अर्थिंगपर्यंत. जुन्या इमारतींत ती कधीकधी डीबीतच संपते. काही जण सॉकेटच्या मागे अर्थ आणि न्यूट्रल जोडून टेस्टर समाधानी करतात. हे फार वाईट: न्यूट्रल कुठेतरी तुटला की फ्रिजचं, मिक्सरचं लोखंडी अंग थेट जिवंत होतं. इमारतीला अर्थिंग नसेल तर तो विषय सोसायटीच्या सभेत न्या.

झिरी मारण्यापासून प्लेट बसेपर्यंत

क्रम असा: नळाचे पाइप, मग विजेचे, मग प्लॅस्टर, मग टाइल, मग ओटा, शेवटी प्लेटा. झिरी मारताना बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही. "एवढंसंच छिनतो, काकू" याला ठाम नाही म्हणा. झिरी उभ्या घ्या, तिरक्या नकोत, म्हणजे पुढे खिळा ठोकताना अंदाज येतो. पाइप पंचवीस मिलिमीटरचा, एका पाइपात दोन सर्किटांच्या सहा वायरी, बस. मध्ये भिंतीत जोड नको. जोड फक्त बॉक्समध्ये. फेज लाल, पिवळा किंवा निळा; न्यूट्रल काळा; अर्थ हिरवा. बंडल संपलं म्हणून रंग बदलला तर काम थांबवा.

प्लॅस्टरच्या आदल्या संध्याकाळी टेप भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पाच वर्षांनी मांडणी ठोकताना त्या फोटोंची किंमत कळते.

काम झाल्यावर वायरमनकडून मेगर, म्हणजे वायरचं आवरण तपासणारं यंत्र, लावून घ्या. उपकरणं जोडण्याआधी, ५०० व्होल्टवर, एक मेगाओमपेक्षा कमी आकडा आला तर कुठेतरी आवरण सोललं आहे. नवीन कामात तो आकडा खूप मोठा यायला हवा. मग तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर प्रत्येक सॉकेटात: समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा. ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं, आमच्याकडे वीजबिल भरलं की दाबतो. शेवटी इंडक्शन अर्धा तास पूर्ण ताकदीवर पाणी उकळत ठेवा, नंतर प्लग काढून त्याच्या पिना आणि सॉकेटची प्लेट हाताने बघा. कोमट ठीक. चटका बसला तर स्क्रू सैल आहे किंवा सॉकेट हलकं आहे, आणि वायरमन अजून घरातच असताना ते उघडून घ्या.

डीबीच्या दाराच्या आत मराठीत कागद चिकटवा: फ्रिज, ओटा डावा, ओटा उजवा, गीझर. पेन्सिलीने लिहा, मिक्सरची जागा वर्षभरात बदलतेच.